निश्चल चेहरा आणि परचित्ताचे ज्ञान

जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्याने 1817 मध्ये वर्णिलेल्या कंपवातात मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण होत जातात आणि हालचालींबरोबर चेहऱ्याचे स्नायूही मंदावतात. हसू उमटत नाही, पापण्या क्वचित लवतात, आवाज खोल जातो. भावना मात्र बहुधा शाबूत असते. दुसऱ्याचे मन प्रत्यक्ष दिसत नसल्याने ते बाह्य चिन्हांवरून जाणावे लागते, आणि भरताच्या नाट्यशास्त्राने ज्यांना अनुभाव म्हटले, म्हणजे अंतरीचा भाव प्रकट करणारे कटाक्ष, स्मित यांसारखे आविष्कार, नेमके तेच येथे लोपतात. चिन्ह नाही म्हणून भावही नाही, हे अनुमान सदोष आहे. तापलेल्या लोखंडी गोळ्यात धुरावाचून अग्नी असतो, हे न्यायशास्त्राचे उदाहरण प्रसिद्धच आहे. तरीही आप्तेष्ट रुग्णाला तुसडा किंवा बेपर्वा ठरवतात, आणि ते जाणवून रुग्ण हळूहळू माणसांतून अंग काढून घेतो, ही या व्याधीतील सर्वांत क्लेशदायक आणि टाळता येण्याजोगी हानी होय. काहींना खरोखरच नैराश्य ग्रासते, हे नाकारता येत नाही. परंतु त्याचा निर्णय चेहरा पाहून नव्हे, तर रुग्णाला विचारून, त्याच्या संथ उत्तराची वाट पाहूनच केला पाहिजे.