शेजारची खुर्ची

देवळात, वर्गात, आगगाडीच्या डब्यात आणि चित्रपटगृहात माणूस माणसाच्या शेजारी बसतो. पण या चारही ठिकाणचे शेजारपण सारखे नसते. देवळात कोणी कुठवर जावयाचे हे पूर्वापार ठरलेले असे. वर्गात ते मास्तर ठरवतो; मी स्वतः गेली वीस वर्षे ठरवीत आलो आहे. आगगाडीत धक्काबुक्की ठरवते. चित्रपटगृहात मात्र ते काम तिकिटावरचा एक आकडा करतो, आणि त्या आकड्याला आपल्या कुळाची, गावाची, आडनावाची काही माहिती नसते. दिवे गेले की शेजारचा माणूस म्हणजे एक श्वास, एक कोपर आणि अधूनमधून एक हसू, एवढाच उरतो. या अंधाराला समतेचे नाव द्यावे का, हा प्रश्न पुष्कळ दिवस माझ्या मनात घोळत आहे.

असे नाव द्यावयास उतावीळ झालेली माणसे बरीच भेटतात. इतिहास त्यांना अर्धीच साथ देतो. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे मुंबईत प्रथम दिसली ती वॉटसन हॉटेलात, एक रुपया दर लावून. त्या काळी रुपया काढून देणारा माणूस कोणत्या थरातला असणार हे सांगावयास नको. थोड्याच दिवसांत तो खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पसरले. पडद्यातल्या स्त्रियांसाठी निराळी व्यवस्थाही झाली. म्हणजे चार आणेवाल्यासाठी दार उघडले आणि त्याच हाताने आत उतरंडही रचली. पुढे पिटातली बाके आणि बाल्कनीतल्या खुर्च्या ही विभागणी गावोगाव रूढ झाली. पिटाचे दार बहुधा बाजूच्या बोळात असे. बाल्कनीचा जिना दर्शनी भागात. एका पडद्यासमोर एकाच वेळी डोळे पुसणारी माणसे एका दाराने आत येत नसत की बाहेर पडत नसत. जन्माची उतरंड गेली आणि पैशाची आली, असे म्हणून हा विषय मिटवता येईल. मला तो इतक्या स्वस्तात मिटवता येत नाही.

कारण मला 1936 साल आठवते. म्हणजे वाचून आठवते. त्या वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ गिरगावातल्या सेंट्रल सिनेमात लागला आणि 57 आठवडे चालला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. ते उघडावे म्हणून साने गुरुजींना, पूर्वाश्रमीच्या एका शाळामास्तराला, 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मधल्या वर्षांत काय घडत असेल याचा विचार करावा. पंढरीच्या विठोबाच्या पायांशी ज्याला जाता येत नव्हते, तो मुंबईत काही आणे मोजून पडद्यावरचा विठोबा डोळे भरून पाहू शकत होता, आणि तिकिटाच्या खिडकीतला कारकून त्याला फक्त सुटे पैसे मागत होता. ही समता हलकी खरी. पण चार आणे साठवता येतात. जन्म काही साठवून बदलता येत नाही.

अर्थात हे सगळीकडे असेच होते असे मी म्हणणार नाही. तसे असते तर 26 जानेवारी 1950 पासून अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात, दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीच्या ठिकाणांचा मुद्दाम उल्लेख करण्याची गरज घटनाकारांना वाटली नसती. विहिरी, तळी, स्नानाचे घाट ज्या कलमात आहेत त्यातच नाटक-सिनेमाही आहे. शिवाय शेजारी येणे म्हणजे एक होणे नव्हे. पंढरीच्या वाटेवर बरोबर चालणारी, एकच अभंग म्हणणारी माणसे जेवावयास मात्र जातवार बसत, हे इरावती कर्व्यांनी लिहून ठेवले आहे. थिएटरात पंगत बसत नाही. अंधारातल्या समतेचा पेपर त्या मानाने सोपाच म्हणायचा.

तरीही तो पेपर सोडवताना माणसे काय करतात हे पाहण्यासारखे असते. मी ते पाहिले लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहात. डॉ. आंबेडकर रस्त्यावरचे हे थिएटर इंडिया युनायटेड मिल नंबर एकच्या जमिनीवरचे. मराठी चित्रपटाचे हक्काचे घर अशी त्याची ख्याती. भोवतालची वस्ती कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणीकामगारांची. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली आणि त्यांतल्या कितीतरी जणांसाठी गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही. भोंगे थांबले, चिमण्यांच्या जागी मनोरे आले. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला आणि त्याच्या पोटात गालिचे अंथरलेली चित्रपटगृहे आली. भारतमाताच्या जागेचाही वाद वर्षानुवर्षे चालला.

2019 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे दुपारच्या खेळाला गेलो होतो. चित्रपट कोणता ते सांगण्यासारखे नाही. माझ्या डाव्या हाताला एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या पलीकडे, भिंतीकडच्या खुर्चीवर, त्याची बायको. चित्र सुरू झाले तसा तो दबक्या आवाजात बोलू लागला.

“आता त्यो दारात आलाय. बोलत न्हाय. नुसता हुबा हाय.”

“रडतोय व्हय?”

“न्हाय. अजून न्हाय.”

बाईंना दिसत नव्हते, किंवा फारच थोडे दिसत होते. म्हातारा त्यांना चित्रपट सांगत होता. पात्रे बोलू लागली की तो गप्प बसे. शांतता पसरली की याचे सुरू. मागच्या रांगेतून ‘शूऽ’ असे दोन-तीनदा झाले. शेवटी एक तरुण आवाज म्हणाला, “आजोबा, घरी टीव्हीवर बघा ना!”

म्हातारा मान न वळवता म्हणाला, “घरात सून निजलीया, पोरा. रातपाळीची हाय. एकच खोली.”

मागे कोणी काही बोलले नाही. मध्यंतर झाले, लोक चहा पिऊन आले. उत्तरार्धात एका गदारोळाच्या प्रसंगात म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली आणि बाई विचारू लागल्या, “काय झालं? आवं, काय झालं?” तेव्हा तोच मागचा आवाज पुढे वाकून म्हणाला, “पत्र फाडलं त्यानं, आजी.”

खेळ संपला, दिवे लागले. त्या तरुणाने म्हाताऱ्याकडे पाहिलेही नाही. तो खिशातला मोबाइल काढीत निघून गेला. यातून मोठे नाते वगैरे काही जुळले नाही, आणि जुळले असे लिहिणे हा कादंबरीकाराचा लबाडपणा होईल. पण एक गोष्ट घडली होती. त्या तरुणाला हा शेजार नको होता. घरात, मोबाइलवर, कानांत बोंडे घालून तो चित्रपट पाहत असता तर लालबागमधल्या त्या एका खोलीत दुपारी कोण झोपते हे त्याला कधी कळले नसते. ते कळल्यावर त्याला सवडीने दयाळू होण्याची संधी मिळाली असेही नाही. अर्ध्या वाक्यात, अंधारात, अडचण सोसता सोसता काय करायचे ते त्याला ठरवावे लागले.

माझा मुद्दा एवढाच आहे. ज्याला आपण निवडले त्याच्याशी चांगले वागणे ही आवड झाली. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो न निवडलेल्या माणसापाशी. आणि आपले सगळे नवे शोध, महागड्या तिकिटापासून हातातल्या पडद्यापर्यंत, न निवडलेला माणूस आपल्यापासून दूर ठेवण्यासाठीच झटत आहेत असे मला वाटते.

हा विचार मी आमच्या शाळेतील एका शिक्षिकेजवळ बोलून दाखविला. त्या वाचणाऱ्या बाई आहेत. माझ्या कादंबऱ्यांविषयीही त्यांनी कधी भिडेखातर बरे म्हटलेले नाही. त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणता तो न निवडलेला शेजारी मला कॉलेजात असताना अंधारात भेटला होता. तीन तासांतला दीड तास मी अंग चोरून बसले आणि मग उठून घरी आले. मैत्रिणींना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आता मी दार लावून, पाय वर घेऊन, एकटी सिनेमा बघते. त्यात माझं काही कमी होतंय असं मला वाटत नाही.”

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “त्या आजी कुठे बसल्या होत्या म्हणालात?”

भिंतीकडच्या खुर्चीवर. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नवरा. न निवडलेला शेजारी मला मिळाला होता, त्या तरुणाला मिळाला होता. बाईंच्या वाट्याला तो येऊ नये याची काळजी म्हाताऱ्याने बसतानाच घेतली होती, आणि ती त्याने चाळीस-पन्नास वर्षे घेतली असावी. 1896 साली नॉव्हेल्टीत केलेल्या त्या निराळ्या व्यवस्थेची मी मघाशी उतरंड म्हणून गणना केली. शिक्षिकाबाईंनी ती कदाचित वेगळ्या रकान्यात लिहिली असती.

म्हणून अंधार टाकून द्यावा असे मला अजूनही वाटत नाही. पण अलीकडे थिएटरात गेलो की मी पडद्याआधी डोअरकीपर कुठे आहे ते पाहतो. भारतमातात त्या दुपारी तो दाराशी स्टूल टाकून बसला होता. हातात बॅटरी होती आणि कोणी हाक मारली तर ऐकू येईल इतका जवळ होता. पुष्कळ ठिकाणी आता पायऱ्यांना दिव्यांच्या पट्ट्या बसवल्या आहेत. खुर्ची त्यांच्या उजेडात बरोबर सापडते. हाक मारली तर उठून येणारे मात्र तिथे कोणी नसते.