आकडा जुळला, कड वाकडी

एका मुलीने भावासाठी क्रोशाने लोकरीचा मफलर विणायला घेतला. शिकवायला आत्या होती. पहिल्या ओळीत तीस खांब, म्हणजे उभे टाके, झाले. पुढच्या ओळी मुलीने झपाझप उरकल्या. अकरावी ओळ संपल्यावर मफलर मांडीवर पसरून पाहिला, तर तो दोन्ही बाजूंनी निमुळता होत चाललेला! खांब मोजले, तर वीसच.

मुलगी हुशार. ओळीमागे एक खांब गळतोय हे तिने लगेच ताडलं. सगळं उसवलं आणि पुन्हा विणताना प्रत्येक ओळीच्या सुरुवातीलाच एक खांब जास्तीचा घातला. आता कुठलीही ओळ मोजा, तीस भरत होते. मोठ्या ऐटीत ती आत्याकडे गेली.

आत्याने खांब मोजले नाहीत, कडेवरून नुसतं बोट फिरवलं. कड करवतीसारखी दातेरी लागली. एका ओळीत बाहेर, पुढच्या ओळीत आत.

“पण आत्या, तीस आहेत ना गं?”

“आहेत की. पण शेवटी गळलेला खांब तू सुरुवातीला भरलास. गळला तिथे खाच राहिली, भरलास तिथे फुगवटा आला.”

आत्याने पहिल्या ओळीपर्यंत सगळं उसवलं, विणकाम उलटं फिरवलं, तीन साखळ्या घातल्या आणि म्हणाली, “या तीन साखळ्या म्हणजेच ओळीचा पहिला खांब. त्यांच्या बुडाशी पुन्हा खांब घालायचा नाही. पुढचा खांब शेजारच्या टाक्यात.”

मुलगी विणत शेवटाला आली आणि थांबली. “झाली ओळ.”

“कुठे झाली? मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्या बघ. बारीक आहेत, खांबासारख्या दिसत नाहीत, म्हणून दर वेळी तुझ्याकडून सुटतात. शेवटचा खांब त्यांच्या सगळ्यात वरच्या साखळीत घालायचा.”

पुन्हा चुकू नये म्हणून आत्याने त्या वरच्या साखळीत लाल दोरा अडकवून दिला. मुलीने तो दर ओळीला वर सरकवत नेला. मफलर पूर्ण झाला तेव्हा दोन्ही कडा सरळ होत्या आणि खांब तीसच्या तीस.

तात्पर्य : चूक जिथे होते, तिथेच सुधारावी. दुसरीकडे भर घालून हिशेब जुळतो, काम सरळ होत नाही.