ज्योत, बिल्ला आणि वर्गणी

१८ फेब्रुवारीच्या रात्री जुन्नर झोपत नाही. शिवनेरीच्या पायथ्याशी टेम्पो आणि मोटारसायकलींची रांग लागलेली असते. गावोगावच्या तरुण मंडळांची पोरं आलेली असतात, त्यातली कित्येक अनवाणी. गडावर मशाल पेटवायची, तिची शिवज्योत झाली की ती घेऊन पळत आपल्या गावाला निघायचं. एकाने धरायची, तो दमला की दुसऱ्याने घ्यायची; बाकीच्यांनी टेम्पोत बसून घोषणा द्यायच्या आणि वातीला तेल कमी पडू द्यायचं नाही. गाव दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी ज्योत गावात शिरते ती पळतच. शिवाजी महाराजांची जयंती काहीजण तारखेने करतात, काहीजण फाल्गुन वद्य तृतीयेला. त्या वादाचा एवढा तरी फायदा, की शिवनेरीच्या वाटेला वर्षातून दोनदा पाय लागतात.

अलीकडे याच मुलखात आणखी एक धावणारा दिसतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेला, चाळिशीच्या आसपास धावायला लागलेला. छातीवर नंबरचा बिल्ला, मनगटावर किलोमीटर मोजणारं घड्याळ. शहरातल्या शर्यती पळून झाल्या की त्याला वाटतं, एकदा आपल्या मातीत पळावं. कुणी विचारलं तर तो म्हणतो, ‘माझ्यासाठी ही वारीच आहे.’ हे तो मनापासून म्हणतो, म्हणूनच तपासून पाहायला हवं. शरीर दमवलं की ती साधना होते का? आणि आपल्या गावात दमवलं, तर त्यात काही वेगळं भरतं का?

यातल्या पहिल्या प्रश्नाची दोन उलट उत्तरं जुन्नरच्या एकाच डोंगरात आहेत. लेण्याद्रीवर तीसेक बौद्ध लेणी ओळीने कोरलेली आहेत आणि त्यांतल्याच सातव्या लेण्यात, म्हणजे भिक्षूंच्या एका विहारात, अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज बसला आहे. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून आलेला भाविक दम खात कथा ऐकतो ती पार्वतीची. गणेश पुत्ररूपाने मिळावा म्हणून तिने या गुहेत बारा वर्षं तप केलं. देह झिजवला आणि फळ मिळालं. पण ज्यांच्यासाठी ही गुहा खोदली गेली, त्यांच्या गुरूने सहा वर्षं देह झिजवून पाहिला होता आणि यातून काही हाती लागत नाही असं म्हणून ते सोडून दिलं होतं. ना चैन, ना छळ, असा मधला रस्ता त्याने सांगितला. त्याचे भिक्षू एरवी फिरायचे आणि पावसाळ्यात एका जागी थांबायचे. लेण्यांचा मोठा उपयोग त्या थांबण्यासाठी होता. वारकरी नेमका त्याच पावसात, आषाढी एकादशीसाठी, घर सोडून चालू लागतो. थांबण्यात धर्म पाहणारे आणि चालण्यात धर्म पाहणारे असे दोघेही याच जिल्ह्याने पोसले.

मॅरेथॉनची मूळ कथा ग्रीसची. इसवी सनापूर्वी ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर इराणी सैन्य हरलं आणि ती बातमी घेऊन एक जासूद अथेन्सपर्यंत पळत गेला, निरोप देऊन कोसळला. इतिहासकार या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण १८९६ च्या ऑलिम्पिकमध्ये शर्यत सुरू झाली ती तिच्याच आधारावर. ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ मध्ये लंडनला धावलं गेलं आणि १९२१ मध्ये कायम झालं. कथा खरी असो वा खोटी, तिच्यातला माणूस रिकामा पळत नव्हता. त्याच्याकडे त्याच्या गावाला हवी असलेली एक गोष्ट होती. शिवज्योत नेणाऱ्याच्या हातात ज्योत असते, पालखीत पादुका असतात. आजच्या मॅरेथॉनवाल्याकडे मात्र पळताना त्याचं स्वतःचं शरीर असतं आणि त्या शरीराचा हिशेब ठेवणारी चिप.

ओझ्यासाठी पळणं या तालुक्यांना नवं नाही. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातले. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी ही व्यवस्था बसवली, तेव्हापासून इथली माणसं डोक्यावर दुसऱ्याच्या घरचं जेवण घेऊन लोकल पकडायला धावत आली आहेत. त्यांच्यातले बरेच वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. ते घड्याळाशीच शर्यत करतात, पण त्यात कुणाचा पहिला नंबर येत नाही. डबा वेळेवर पोचला की काम झालं. आणि चैत्र आला की हीच मंडळी काही दिवस डबे बंद ठेवून गावाला जातात, ग्रामदैवताच्या यात्रेला.

त्या यात्रेत माणूस पळत नाही, बैल पळतात. जुन्नर, आंबेगाव, खेड म्हणजे बैलगाड्यांचा मुलूख. चढाचा घाट, पुढे घोडी, ‘भिर्रर्र’ अशी लाऊडस्पीकरवरची आरोळी आणि धुरळा. अनेक घरांत गाडा पळवणं हा देवाला बोललेला नवस असतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बराचसा युक्तिवाद प्राण्यांच्या वेदना आणि परंपरा यांभोवती झाला. एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला: नवस माणसाचा, मग धाप बैलाला का? या बाबतीत घरी येऊन स्वतःच्या पायांनी पळणारा माणूस अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. जनावराच्या श्रमाला मान देणारी जागाही जुन्नरमध्येच आहे, आळे गावात. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी तिथे आहे. पैठणहून आळंदीला परतताना तो ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांबरोबर चालत आला आणि आळ्याला त्याने देह ठेवला, अशी श्रद्धा आहे. आळंदी त्याला दिसली नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे तीन प्रकार केले आहेत. फळाची इच्छा न धरता केलेलं सात्त्विक, सत्कार-मान मिळावा म्हणून केलेलं राजस, हट्टाने स्वतःला पिडून केलेलं तामस. पदक आणि फोटो पाहता धावपटूला दुसऱ्या खान्यात टाकणं फार सोपं आहे, आणि थोडं अन्यायाचंही. वारीतही हल्ली मोबाइल पावलं मोजतात. शिवज्योतीच्या टेम्पोवर मंडळाच्या अध्यक्षाचा फोटो ज्योतीपेक्षा मोठा असतो. मानाची हाव सगळीकडे असते. तिच्यावरून खरी धाव आणि खोटी धाव निवडता येणार नाही. निवड करायचीच तर आपल्या पळण्याने पलीकडच्या कुणाला काय पोचलं, हे विचारावं. पार्वतीच्या तपाने गणेश मिळाला, डबेवाल्याच्या धावण्याने कुणी तरी जेवलं. केवळ दमलेपणा कितीही प्रामाणिक असला, तरी तेवढ्याला वारी म्हणता येत नाही. वारीला निघालेल्याच्या मनात कुणाची तरी भेट असते, आणि वाटेतल्या गावांनाही त्याला जेवू घालायची संधी मिळते.

मग गावाचं काय? आंबेगाव तालुक्यात हा प्रश्न जास्त बोचतो. ज्या गावाच्या नावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. तालुक्याचा कारभार चालतो घोडेगावातून. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली, आणि २०१७ मध्ये वाचलेल्यांसाठी नवं माळीण दुसऱ्या जागी उभं राहिलं. या लोकांनी ‘आपल्या मातीत’ पळायचं म्हणजे कुठे? मातीच पवित्र असती तर ही माणसं कायमची बेघर झाली असती. पण पुनर्वसनातसुद्धा लोक देवाची जागा आधी ठरवतात आणि यात्रेची तिथी चालू ठेवतात. त्यांचं गाव एकमेकांशी असलेल्या देण्याघेण्यात शिल्लक राहतं.

हे देणंघेणं इथे फार जुनं आहे. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाचा, त्या काळच्या भाषेत ग्रीकाचा, कोरीव लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचा हा परका माणूस. त्याने दोन पाण्याची टाकी खोदून दिली आणि तेवढंच लिहून ठेवलं. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. कुणी किती अंतर तुडवून आलं, हे दोघांच्याही लेखात नाही. आज यात्रेच्या वर्गणीची यादी देवळात वाचली जाते तेव्हा मुंबईकरांची नावं त्याच रीतीने येतात. मॅरेथॉनच्या शर्यती बहुधा थंडीत ठेवतात, कारण तेव्हा पळायला बरं. यात्रा येतात चैत्राच्या उन्हात. त्यामुळे पळायला आलेला आणि यात्रेला आलेला, दोघं एकाच गावचे असून एकमेकांना भेटत नाहीत. पळायला येणाऱ्याने एखाद्या वर्षी चैत्रातली सुट्टी काढावी आणि वर्गणी गोळा करायला घरोघर फिरणाऱ्या पोरांबरोबर हिंडावं. अंतर पाच-सहा किलोमीटरच भरेल, पण प्रत्येक दारात थांबून आपण कुणाचे कोण ते सांगावं लागेल, आणि त्याला वेळ बराच लागेल.