उंची, कर्तृत्व आणि दैव

माणसाच्या यशातला किती वाटा त्याचा स्वतःचा आणि किती वाटा त्याला न मागता मिळालेल्या गोष्टींचा, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न बास्केटबॉलपटूच्या बाबतीत फार उघडपणे समोर येतो. कारण जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर बसवलेल्या कड्यात चेंडू टाकण्याच्या या खेळात ज्या गुणाला सर्वाधिक भाव येतो, तो गुण, म्हणजे उंची, कोणत्याही तालमीने कमावता येत नाही.

आइसलँडचा व्यावसायिक खेळाडू त्रिग्वी ह्लिनासोन याची कारकीर्द या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. १९९७ मध्ये जन्मलेला त्रिग्वी देशाच्या उत्तरेकडील बाउर्दारदालुर या खोऱ्यात, जिथे वस्ती संपून निर्मनुष्य पठार सुरू होते अशा ठिकाणच्या मेंढपाळ शेतकरी कुटुंबात वाढला, आणि वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे इतर खेळाडूंची निम्मी जडणघडण झालेली असते त्या वयात, अकुरेरी या गावातील थोर क्लबमध्ये पहिल्यांदा गांभीर्याने खेळू लागला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, २०१७ मध्ये, स्पेनची लीग नुकत्याच जिंकलेल्या व्हॅलेन्सिया संघाने त्याला करारबद्ध केले आणि त्याच वर्षी युरोबास्केट या युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेत तो देशाकडून उतरला. त्याची उंची २.१६ मीटर आहे. ती दीड-पावणेदोन मीटर असती, तर तो बहुधा आजही मेंढ्याच राखत असता, असे म्हणणाऱ्याला खोटे पाडता येणार नाही.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ मध्ये मांडलेल्या न्यायविषयक सिद्धान्तात नेमका हाच मुद्दा आहे. जन्मजात गुणांचे वाटप ही निसर्गाची सोडत असून तिच्यातून लाभलेल्या गोष्टींवर कोणाचाही नैतिक हक्क, म्हणजे ‘मी याला पात्र होतो म्हणून हे मला मिळाले’ असा दावा, सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. इतकेच नव्हे, तर कष्ट करण्याची वृत्तीसुद्धा घर आणि परिस्थिती यांनी घडवलेली असते, असे ते पुढे म्हणतात. रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये याला जे उत्तर दिले, त्यात त्यांनी विल्ट चेंबरलेन या उंचापुऱ्या बास्केटबॉलपटूचेच उदाहरण घेतले, हा काही निव्वळ योगायोग नसावा. प्रेक्षकांनी आपखुशीने दिलेला पैसा न्याय्य ठरण्यासाठी खेळाडूने आपल्या शरीराचीही पात्रता आधी सिद्ध करावी, अशी अट कशासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. नोझिक यांचा युक्तिवाद मालकीपुरता ठीक आहे. पण प्रशंसा कशाची करावी, हा प्रश्न तो सोडवत नाही, आणि खरा प्रश्न तोच आहे.

येथे गीतेच्या अठराव्या अध्यायातील विश्लेषण अधिक उपयोगी पडते. कोणतेही कर्म घडण्यास अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि पाचवे दैव, अशी पाच कारणे लागतात, आणि केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला यथार्थ दिसत नाही, असे तेथे सांगितले आहे. यातील महत्त्वाची गोष्ट अशी की ही पाच कारणे एकमेकांतून वजा करता येत नाहीत. ‘पिक अँड रोल’ हा डाव पाहावा: त्रिग्वीसारखा उंच खेळाडू सहकाऱ्याच्या पाठलागावर असलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत पाय रोवून उभा राहतो, टक्कर अंगावर घेतो, मग वळून कड्याकडे झेपावतो आणि वरून येणारा चेंडू हवेतच पकडून आत टाकतो. कधी वळायचे, कोणत्या पायावर वळायचे, ही समज सरावाची आहे आणि जिथे हात पोचतो ती उंची जन्माची. पण टाकलेल्या दोन गुणांतील कोणता गुण कशाचा, हे विचारणे व्यर्थ आहे. म्हणून दैवाची जाणीव खेळाडूचा गर्व हिरावून घेते हे योग्यच, परंतु तिने त्याची प्रशंसाही हिरावून घ्यावी, असे मात्र निष्पन्न होत नाही.

आइसलँडच्या मध्ययुगीन गद्यकथांना, म्हणजे ‘सागां’ना, हा भेद चांगला ठाऊक होता. ग्रेत्तिर या बलाढ्य वीराच्या कथेत सामर्थ्य आणि भाग्य या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत, आणि पहिली भरपूर असून दुसरी नसल्यामुळे त्याच्या वाट्याला बहिष्कृताचे आयुष्य येते. मात्र सागांचा हा दैववाद आधुनिक क्रीडाजीवनाला जसाच्या तसा लावण्यात एक धोका आहे, आणि तो पिएतुर गुदमुंदसोन याच्या कारकिर्दीतून दिसतो.

१९५८ मध्ये रेकयाविक येथे जन्मलेला, २.१८ मीटर उंचीचा पिएतुर १९८१ मध्ये पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्सकडून अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये दाखल झाला आणि तेथे खेळणारा पहिला आइसलँडवासी ठरला. पुढे तो लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅन अँटोनियो स्पर्स यांच्याकडूनही खेळला. उंचीची देणगी दोघांना जवळजवळ सारखीच लाभली, तरी त्रिग्वीला व्यावसायिक म्हणून मानधन घेत असतानाच देशाचा पोशाख अंगावर चढवता आला, आणि पिएतुरला मात्र एनबीएची दारे उघडताच राष्ट्रीय संघाची दारे बंद झाली. कारण आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, तेव्हाच्या नियमानुसार एनबीएचा खेळाडू हौशी राहत नसे, जरी युरोपातील क्लबांकडून पैसे घेणाऱ्यांकडे तोच महासंघ सोयीस्कर काणाडोळा करीत असे. चार लाखांहूनही कमी वस्तीच्या देशाला आपला सर्वांत मोठा खेळाडू असा गमवावा लागणे, याला दुर्दैव म्हणणे ही वैचारिक आळशीपणाची कबुली होय. देहाची उंची कोणी ठरवलेली नसते; नियम मात्र माणसांनी ठरवलेला असतो, त्याला करणारे असतात आणि त्यांना जाब विचारता येतो. एप्रिल १९८९ मध्ये म्युनिक येथे फिबाने तो नियम ५६ विरुद्ध १३ मतांनी रद्द केला, तेव्हा पिएतुर तीस वर्षांचा होता आणि तोच त्याचा एनबीएमधील शेवटचा हंगाम होता.