अस्वलाच्या वाट्याचा लाडू

माझे वडील जेवायला बसले की ताटाभोवती पाणी फिरवीत आणि चार शिते ताटाबाहेर काढून ठेवीत. आई तव्यावरची पहिली पोळी गाईसाठी बाजूला ठेवी. पितृपक्षात कावळा पानाला शिवेपर्यंत घरातले कुणी जेवत नसे, आणि तो लवकर आला नाही की आजोबांची कुठली इच्छा राहिली याची चर्चा सुरू होई. अशा घरात मी वाढले. भुकेल्या जिवाच्या तोंडी घास घालणे यात विचार करण्यासारखे काही असते, असे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत कधी वाटले नव्हते. गेल्या वर्षी सप्टेंबरात ते वाटले, आणि त्याला कारण झाला माझ्याच हातचा बेसनाचा लाडू.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात असते. तिच्या घरापासून चार तासांच्या वाटेवर योसेमिटीचे राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कारंजे आणि बाके येतात. येथे उद्यान म्हणजे सिएरा नेवाडा पर्वतातला शेकडो चौरस मैलांचा मुलूख. त्यातल्या मुख्य दरीत दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती उभ्या आहेत. एल कॅपिटन नावाचा एकच कडा दरीच्या तळापासून सुमारे तीन हजार फूट सरळ वर जातो. तरुणपणी मी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथी पडून खाली पाहिले आहे. येथे खाली उभे राहून वर पाहताना तोच गोळा पोटात आला. कड्याच्या बाबतीत वर-खाली असा फरक फारसा नसतो, असे दिसते.

दरीत तंबू ठोकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि त्या मिळणे ही एक शर्यतच आहे. पाच महिने आधी, सकाळच्या ठोक्याला सात वाजता मुलगी आणि जावई दोन यंत्रांपुढे बोटे सरसावून बसले होते. काही मिनिटांत साऱ्या जागा गेल्या, त्यांत एक आमच्या वाट्याला आली. जागेला नंबर, एक लाकडी मेज, विस्तवासाठी लोखंडी कडे, जवळच पाण्याचा नळ आणि स्वच्छ शौचकूप. दरीत फिरायला फुकटची बस. मी अरण्यात जायचे म्हणून निघाले होते आणि उतरले ते एका नीटनेटक्या वाडीत.

या वाडीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे प्रत्येक जागेवर असलेली लोखंडी पेटी. आपल्याकडच्या धान्याच्या कोठीएवढी, आणि तिची कडी अशी बसविलेली की माणसाचा हात आत जातो, पण अस्वलाचा पंजा जात नाही. खाण्याचा प्रत्येक पदार्थ या पेटीत ठेवायचा. खाण्याचाच नव्हे, ज्याला म्हणून वास आहे ते सारे. माझ्या नातवाने फलकावरचे नियम खड्या आवाजात वाचून दाखविले आणि शिपायाच्या उत्साहाने आमची झडती घेतली. साबण गेला, दात घासायची पेस्ट गेली, माझे खोबरेल तेल गेले, गुडघ्याला लावायचा बाम गेला. “देवाचा कापूर तरी राहू दे रे,” मी म्हटले. “आजी, अस्वलाला वासच कळतो, देव कळत नाही,” तो म्हणाला. आठ वर्षांचा आहे.

सांगायला लाज वाटते, पण या झडतीतून एक स्टीलचा डबा निसटला, आणि तो निसटला असे म्हणणेही खरे नव्हे. मीच तो शालीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला होता. त्यात चार लाडू होते. रात्री पोराला भूक लागली तर थंडीत कोण त्या पेटीशी झटापट करील, असा माझा हिशेब. भूक लागलीच. मी अंधारात त्याला एक लाडू दिला, आणि आजी-नातवांनी मिळून कुणाचा तरी नियम मोडल्याचा आनंद दोघांनाही लाडवाइतकाच गोड लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही व्हर्नल धबधब्याकडे निघालो. धबधबा तीनशे सतरा फूट उंच. पावसाळ्याचा आणि त्याचा संबंध नाही, तो वितळणाऱ्या बर्फावर जगतो, म्हणून सप्टेंबरात त्याचे पाणी ओसरलेले असते. नदीवरच्या पुलापर्यंत मी गेले. पुढे खडकात बसविलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या आहेत. मंडळी वर गेली, मी पुलापाशी बसले. पण बस सुटतानाच, हे लिहिलेच पाहिजे, मला डब्याची आठवण झाली होती. परत फिरता आले असते. मी मनाशी म्हटले, भरदिवसा, एवढ्या माणसांत, तीन लाडवांनी काय होते?

चारच्या सुमारास परतलो, तेव्हा तंबूची एक बाजू वरपासून खालपर्यंत फाटलेली होती. पिशवी बाहेर पडली होती. डब्याच्या झाकणाला दातांची दोन भोके होती. शेजारच्या तंबूतल्या लोकांनी भांडी वाजवून, ओरडून अस्वलाला पळविले होते. त्याच्या कानात रंगीत बिल्ला होता, असे ते म्हणाले. थोड्याच वेळात वनरक्षक आली. तिशीतली मुलगी, डोक्यावर रुंद काठाची हॅट, हातात वही. तिने शांतपणे विचारले, तंबूत खाण्याचे काही होते का?

“आई, तू काही बोलू नकोस,” मुलगी मराठीत पुटपुटली. आणि मी खरोखरच काही बोलले नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना “खरे सांग, रागावणार नाही” असे म्हणत आलेली मी, जमिनीकडे पाहत उभी राहिले. नातूच म्हणाला, त्याच्या त्या इंग्रजीत, “होते. आजीने मला लाडू दिला होता, बाकीचे त्या डब्यात होते.” मग मी मान वर केली आणि म्हटले, “होय, माझेच.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने दंडाची पावती फाडली, ती जावयांनी भरली. मग तिने सांगितले की ही तीन वर्षांची मादी आहे आणि या मोसमात माणसांचे अन्न तिला मिळण्याची ही तिसरी वेळ. तंबूत खाऊ असतो हे अस्वल एकदा शिकले की विसरत नाही. आवाज करून, रबरी गोळ्या मारून त्याला पळवितात. दूर नेऊन सोडले तरी ते बहुधा परत येते. धीट होत होत ते माणसांच्या अंगावर जाऊ लागले, तर शेवटी त्याला मारावे लागते. “मीच मारीन असे नाही, पण कुणाला तरी ते करावे लागते,” ती म्हणाली, आणि वही मिटून पुढच्या तंबूकडे गेली.

त्या रात्री जेवण कुणाला गेले नाही. विस्तवाभोवती बसलो असताना जावई म्हणाले, “आई, तुम्ही एवढे मनाला लावून घेऊ नका. हा न्यायच उफराटा आहे. चूक माणसाची, दंड चार पैशांचा; आणि ज्याला नियम वाचता येत नाही त्याला देहान्त. मग माणसांनाच येथे बंदी का घालीत नाहीत?”

त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही. आजही जमत नाही. पण या दरीचा इतिहास मी नंतर वाचला तेव्हा दिसले की गोंधळ आजचा नव्हे. १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने कायद्यावर सही करून ही दरी लोकांच्या उपयोगासाठी आणि विरंगुळ्यासाठी राखून ठेवली. १८९० साली भोवतीचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. १९१६ सालच्या कायद्याने अशा साऱ्या उद्यानांना दोन कामे सांगितली: जे आहे ते अबाधित राखा, आणि लोकांना त्याचा आनंद घेऊ द्या. दोन्ही कामे एकाच वाक्यात. ज्याने हे लिहिले त्याने कधी लाडू आणि अस्वल यांना एका तंबूत ठेवले नसावे. आणि माणसांना बंदी म्हणावी, तर तीही एकदा घातली गेली होती. या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, ओकची फळे कुटून खाणाऱ्या मूळच्या लोकांना १८५१ साली एका सशस्त्र पथकाने हुसकावून लावले. योसेमिटी या नावाचा अर्थ अस्वल असा पुष्कळ वर्षे सांगत. आता भाषातज्ज्ञ म्हणतात की तो ‘मारणारे’ असा आहे.

त्याहून चमत्कारिक गोष्ट पुढची. १९२० नंतरच्या काळात याच दरीत अस्वलांना खाऊ घालण्याचे खेळ होत. हॉटेलांतले खरकटे संध्याकाळी एका चौथऱ्यावर ओतायचे, वर विजेचे दिवे लावायचे, आणि नदीच्या अलीकडून पाहुणे अस्वलांची पंगत पाहत. व्यवस्था उद्यानाचीच. १९४० च्या सुमारास हा खेळ बंद झाला, पण तोवर अस्वलांच्या कित्येक पिढ्या तो धडा शिकल्या होत्या. १९९८ साली एका वर्षात अस्वलांनी मोटारी फोडण्याचे, अन्न पळविण्याचे दीड हजारांहून अधिक प्रकार नोंदले गेले. त्यानंतर पेट्या, पहारा आणि दंड यांचा जोर वाढला आणि असे प्रकार नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. १९२० साली ज्याला दया आणि करमणूक म्हणत, त्याला आज गुन्हा म्हणतात. अस्वल तेच आहे, त्याची भूकही तीच.

मग माझ्या वडिलांची चार शिते काय होती? मी या प्रश्नापाशी बरेच दिवस अडले. हेतू शुद्ध असला की कर्म शुद्ध, असे म्हणून सुटता येईल. पण माझ्या डब्यामागे हेतू तरी कुठे होता? मी अस्वलाला काही दिलेच नव्हते. मी फक्त स्वतःला सवलत दिली होती. या उद्यानात वर्षाला चाळीस लाखांच्या आसपास माणसे येतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाकडे तीनच लाडू असतात.

पण समजा, हेतूनेच दिले असते? वरंधा घाटात मोटारी थांबतात आणि लोक माकडांना केळी, वेफर टाकतात. मीही टाकली आहेत, आणि पुढे चालत्या गाडीवर उडी घेणाऱ्या माकडाला शिव्याही दिल्या आहेत. आमच्या अंगणातली गाय उद्याही दारी येणार होती आणि उद्याही आई तेथेच असणार होती. पोळी रोज मिळे, एक दिवस चुकली तर गाय हंबरून विचारी. तो एक शेजार होता, त्याला दोन्ही बाजू होत्या. घाटातला मी, दरीतली मी, घास टाकून तासाभराने निघून जाते. मागे राहते ती सवय, आणि तिचा हिशेब दुसऱ्याच कुणाशी होतो. हे मुलीला बोलून दाखविले तर ती म्हणाली, “म्हणजे पाहुण्याने दानच करू नये?” मला ते तसे म्हणायचे नव्हते. मला काय म्हणायचे होते ते अजून नीट सांगता येत नाही. एवढेच की निघून जाणाऱ्याची दया फार स्वस्त असते, हे मला त्या फाटलेल्या तंबूपाशी प्रथम दिसले.

जावयांच्या प्रश्नाला मी त्या रात्री दिलेले उत्तरही अपुरेच होते. मी म्हटले, माणसे आली नाहीत तर या अस्वलांची बाजू घेणारे कोण उरेल? ते म्हणाले, “आणि माणसे आली म्हणून तर बाजू घ्यावी लागते.” विस्तव विझेपर्यंत आम्ही दोघेही गप्प बसलो. आमच्या डोक्यावर चांदणे असे होते की बोलण्याची गरजही नव्हती. पलीकडे कुठेतरी भांडी वाजली. नातू झोपेतच दचकला.

निघताना त्या वनरक्षक मुलीने एक कार्ड दिले होते. त्यामागे तिने बिल्ल्याचा क्रमांक लिहिला होता; पुढे चौकशी करावीशी वाटली तर, म्हणाली. मी पुण्याला परत आले. दिवाळीत बेसन भाजायला घेतले तेव्हा हात थांबला. पण लाडू केले, घरी माणसे येणारच होती. नातू दर रविवारी फोनवर विचारतो, “आजी, त्या अस्वलाचे काय झाले?” हिवाळ्यात मी सांगितले, ते गुहेत झोपले असेल. बर्फ पडले की अस्वले झोपतात, हे त्याने पुस्तकात वाचले होते, त्याला ते पटले. एप्रिलमध्ये तो म्हणाला, “आता तर उठले असेल ना?”

“हो, उठले असेल,” मी म्हटले.

कार्ड त्या भोके पडलेल्या डब्यात आहे. मी अजून चौकशी केलेली नाही.