चित्राची जबानी

इसवी सनापूर्वी सातव्या शतकात असिरियाचा सम्राट असुरबनिपाल ह्याने निनेव्हे येथील आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर जी शिल्पे कोरून घेतली, त्यांत सिंहांच्या शिकारीचे देखावे आहेत आणि पराभूत एलामच्या राजाचे शिर छाटल्याचेही आहेत. आणि ही दोन्ही दृश्ये सारख्याच कौशल्याने खोदलेली पाहिली म्हणजे ध्यानात येते की, माणसाने आपल्या क्रौर्याचे चित्र प्रथम रेखाटले ते अभिमानाने. दरबारात आलेल्या मांडलिकाने वा परमुलुखातल्या वकिलाने भिंतीकडे पाहावे आणि बंडाची शिक्षा काय असते ते मुकाट्याने समजून घ्यावे, असा त्या दगडी फर्मानांचा हेतू होता. तथापि, आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या ह्याच शिल्पपटांत बाणांनी विद्ध झालेली, मागचे पाय लुळे पडल्याने पुढच्या पायांवर देह ओढीत गुरगुरणारी एक सिंहीण आहे, आणि तिच्यापुढे उभे राहिले असता राजाच्या पराक्रमाचा विसर पडून मन त्या जनावराकडे ओढले जाते. हुकूम राजाचा होता. परंतु छिन्नी ज्याच्या हातात होती त्याने वेदना बारकाईने निरखली होती, आणि अशी निरखलेली वेदना विजेत्याच्या ताब्यात फार काळ राहत नाही. चित्र कोणाच्या आज्ञेने निघाले आणि ते कोणाच्या बाजूने बोलते, ह्या दोन गोष्टींतील अंतर पुढे कसे वाढत गेले, हाच क्रौर्यचित्रणाचा खरा इतिहास होय.

हे अंतर बुद्धिपुरस्सर वाढविणाऱ्यांत लंडनचा चित्रकार विल्यम होगार्थ अग्रगण्य म्हटला पाहिजे. १७५१ साली त्याने ‘क्रौर्याच्या चार अवस्था’ ह्या नावाची चित्रमालिका प्रसिद्ध केली. पहिल्या चित्रात टॉम नीरो हा धर्मादायावर वाढलेला पोर कुत्र्याचे हाल करतो. दुसऱ्यात तोच भाड्याच्या गाडीचा गाडीवान होऊन, वकिलांनी खच्चून भरलेल्या गाडीच्या ओझ्याने कोसळलेल्या घोड्याला निर्दयपणे बडवतो. तिसऱ्यात आपल्यावर विश्वासलेल्या गर्भवती मोलकरणीचा तो खून करतो. आणि चौथ्यात फाशी गेलेल्या त्याच्या प्रेताची शल्यविशारदांच्या सभेत चिरफाड चालते. मुक्या प्राण्यावर उगारलेला हात आणि माणसाच्या गळ्यावर फिरणारी सुरी ही एकाच सवयीची दोन वये आहेत, हा विचार इतक्या स्पष्टपणे चित्रात प्रथमच मांडला जात होता, आणि ज्यांच्या डोळ्यांसमोर हे रोज घडत होते त्या सामान्य रयतेला तो परवडावा म्हणून होगार्थने ही चित्रे मुद्दाम स्वस्तात काढली. शेवटच्या चित्रातील विद्वानांच्या चेहऱ्यांवरही करुणेचा लवलेश नाही, हे पाहिले म्हणजे कायद्याच्या आश्रयाने वावरणारी निष्ठुरताही त्याच्या नजरेतून सुटली नव्हती असे दिसते. दुसऱ्या चित्राच्या गर्दीत एक गृहस्थ गाडीवानाचा नंबर टिपून घेताना दाखविला आहे. पाहणे येथे हळहळीपाशी थांबत नाही, ते फिर्यादीच्या वाटेला लागते.

ती फिर्याद ऐकणारा कायदा यायला ७१ वर्षे लागली. १८२२ साली रिचर्ड मार्टिन ह्या सभासदाच्या प्रयत्नाने गुराढोरांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने संमत केला. आणि १८२४ साली लंडनमध्ये जी प्राणिरक्षक संस्था निघाली तिच्या संस्थापकांत, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारा विल्बरफोर्स होता, हा योगायोग खास नव्हे. आपल्या देशात कलकत्त्यास १८६१ साली अशी संस्था स्थापन करणारा कोल्सवर्दी ग्रँट हा पेशाने चित्रकारच होता. मुंबईची संस्था त्यानंतर १८७४ साली निघाली.

होगार्थच्या जगात गुन्ह्याला अखेर शासन होते. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया ह्याच्या जगात ते होत नाही. १८०८ साली नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्यानंतर जे अत्याचार झाले, त्यांवर त्याने सुमारे १८१० ते १८२० ह्या काळात ८२ चित्रांचे पट कोरले. त्यांत सेनापती नाहीत, निशाणे नाहीत. फ्रेंच शिपाई आणि स्पॅनिश शेतकरी दोघेही सारखेच पशुवत् झालेले आहेत, आणि एका चित्राखाली ‘मी हे पाहिले’ एवढाच मजकूर आहे. राजाज्ञा गेली, नीतिपाठही गेला, उरला तो साक्षीदार. ही जबानी गोयाच्या हयातीत प्रसिद्ध होऊ शकली नाही. त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, १८६३ साली, ती लोकांपुढे आली.

छायाचित्रणाचा शोध लागल्यावर असे वाटणे स्वाभाविक होते की, साक्षीदाराला आता यंत्राचे निःपक्षपाती डोळे लाभले. परंतु यंत्रामागे माणूस उभा असतो. १८७६-७८च्या मद्रास इलाख्यातील दुष्काळात विलोबी हूपर ह्या लष्करी अधिकाऱ्याने अस्थिपंजर झालेल्या माणसांना ओळीने बसवून छायाचित्रे घेतली. आणि १८८६ साली मंडाले येथे, गोळी सुटण्याचा क्षण टिपता यावा म्हणून त्याने कैद्यांच्या देहदंडाची वेळ लांबविली, असा आरोप होऊन त्याची चर्चा पार्लमेंटपर्यंत गेली. ह्याच यंत्राने १९०४ साली काँगोत अ‍ॅलिस सीली हॅरिस ह्या मिशनरी बाईंनी, आपल्या मुलीचा तोडलेला हात आणि पाय ह्यांकडे पाहत बसलेल्या न्साला नावाच्या बापाचे छायाचित्र घेतले. आपल्याकडे शांबरिक खरोलिका म्हणून जे यंत्र माहीत होते त्याच जातीच्या मॅजिक लँटर्नने अशी चित्रे युरोप-अमेरिकेतील सभांतून दाखविली गेली, आणि १९०८ साली बेल्जियमचा राजा लिओपोल्ड ह्याला काँगोवरील आपला खासगी अंमल सोडावा लागला.

ह्याहून बोधप्रद उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथील दक्षिण भागात कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारल्याची छायाचित्रे पोस्टकार्डे म्हणून विकली जात, आणि घोळक्यातील माणसे त्यांत हसताना दिसत. असुरबनिपालची भिंत जणू टपालाने घरोघर पोहोचत होती. १९१६ साली टेक्सासमधील वेको येथे अशाच एका हत्येची छायाचित्रे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस ह्यांच्या ‘द क्रायसिस’ मासिकाने मिळवून छापली, आणि जे विजयचिन्ह म्हणून काढले होते तेच आरोपपत्र ठरले. छायाचित्रात काडीचाही बदल झाला नव्हता. बदलला होता तो त्याचा मालक आणि ते पाहणाऱ्याकडून अपेक्षिलेले कर्तव्य.

अशी चित्रे वारंवार पाहून मन बधिर होते, हा आक्षेप अमेरिकन लेखिका सुसान सोन्टॅग ह्यांनी १९७७ साली मांडला; २००३ साली त्यांनीच त्याचा फेरविचार केला. मला वाटते, बधिरता येते ती कर्तव्यावाचून पाहण्याने. १९४३च्या दुष्काळात बंगालची खेडी पायी हिंडून, पुढे मुंबईकर झालेल्या चित्रकार चित्तप्रसादांनी भुकेल्या माणसांची रेखाचित्रे काढली आणि त्यांची नावे-गावे टिपली. ती पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा त्या पुस्तकाच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. बधिर करणाऱ्या चित्राची सरकारला भीती वाटत नाही.

माणसाला निदान कधी तरी, कुणापुढे तरी आपली कैफियत मांडता येते. जनावराला तेही शक्य नाही. कत्तलखान्यात, प्रयोगशाळेत, ओझ्याखाली जे घडते त्याचा पुरावा दुसऱ्या कुणी पाहून नोंदविला तरच उरतो, आणि म्हणून तेथे चित्र हे एकमेव वकीलपत्र ठरते. ते पाहून मान फिरविण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे; पण ज्याने पाहिले, त्याला होगार्थच्या त्या गृहस्थाप्रमाणे नंबर टिपून घ्यावा लागतो, आणि तो टिपून योग्य त्या दारी नेईपर्यंत त्याचे पाहणे पुरे झाले असे म्हणता येत नाही.