दैवाची जागा पाचवी

दोन-अडीच वर्षांचे मूल नावाने हाक मारली तरी वळत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, फिरत्या पंख्याकडे मात्र टक लावून बसते. घरातले आधी म्हणतात, 'बोलेल हो, याचे बाबाही उशिराच बोलले.' मग पत्रिका निघते, नवस बोलला जातो. शेवटी कुणी वडीलधारे सुस्कारा टाकतात, 'मागच्या जन्मीचे भोग!' या एका वाक्यापायी आईचा धीर खचतो आणि मुलाचे मोलाचे वर्ष वाया जाते.

हे वाक्य धर्माच्या नावाने येते, तर उत्तरही तिथेच शोधावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नानाविध क्रिया आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी या पाचांचे एकेक करून विवरण केले आहे. दैव गीतेने नाकारलेले नाही, पण त्याच्याआधी चार कारणे मांडली आहेत. भोग म्हणून हात टेकणारा माणूस त्या चारांना गाळूनच गीता वाचतो.

दोषी शोधण्याचा हा सोस केवळ आपल्याकडचा नव्हे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांची निरीक्षणे मांडून ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, वर्णन केले. त्यानंतर अमेरिकेत कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणाला बोल लावला गेला. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. कारण जैविक आहे, हे त्यांनी 1964 मध्ये ग्रंथ लिहून मांडले. तरीही 1967 मध्ये ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने तोच जुना आरोप पुन्हा गाजवला. तिथे पूर्वजन्म कुणी मानत नव्हते. आरोपी मात्र आईच होती.

प्रयत्नांनी काय घडते, याचा एक दाखला गोव्यातला आहे. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांचा अभ्यास झाला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ मोजके, म्हणून साध्या आरोग्यसेवकांना प्रशिक्षण दिले गेले. आई-बाबा मुलाशी खेळतानाचे चित्रण सेवक त्यांच्यासोबत पाहत आणि मुलाने दिलेली बारीकशी खूण कुठे निसटली, ते दाखवत. या घरांत पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलेही आपणहून संवाद सुरू करू लागली.

पण हे प्रयत्न कशासाठी? स्वतः ऑटिस्टिक असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी 1993 मध्ये पालकांना बजावले, की आमच्यासाठी शोक करू नका. ऑटिझम हा मुलापासून सोलून काढता येणारा आजार नाही, हे त्यांचे म्हणणे थेरपी निवडताना कामी यावे. नजरेला नजर भिडवण्याची सक्ती करण्यात महिने घालवणारी थेरपी कुचकामी. तहान लागली, पोट दुखतेय, आवाज सहन होत नाही, हे शब्दाने, खुणेने किंवा चित्राच्या कार्डाने सांगता येऊ लागले, तर ती खरी मदत.

त्यासाठी निदानाच्या कागदाची वाट पाहू नये. आधी श्रवणचाचणी करावी. स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपी निदान पक्के होण्याआधीही सुरू करता येते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत तपासणी पथक येते, आणि अनेक जिल्ह्यांत 'डीईआयसी', म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. तिथली सेवा मोफत असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून पुढे प्रमाणपत्रही मिळते. नवस फेडायचा असेल तर जरूर फेडा, पण केंद्रात नाव याच आठवड्यात नोंदवा.